आंद्रेयास व्हेसेलियस

आंद्रेयास व्हेसेलियस (जन्म : ३१ डिसेंबर १५१४, ब्रसेल्स, मृत्यू : १५ ऑक्टोबर १५६४, झाकिन्थॉस बेट, ग्रीस) हे सोळाव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ व वैद्य होते. मानवी अस्थिसंस्था, स्नायुसंस्था आणि मज्जासंस्था यांचे प्रत्यक्ष शवविच्छेदनावर आधारलेले पहिले सविस्तर व सचित्र वर्णन त्यांनी केले. १५४३ साली बाझेल येथे प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘दे ह्युमानी कॉर्पोरिस फाब्रिका’ (मानवी शरीराच्या रचनेविषयी) हा लॅटिन ग्रंथ आधुनिक शरीररचनाशास्त्राचा आरंभबिंदू मानला जातो. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. त्यानंतर सुमारे एकवीस वर्षे ते जगले. मात्र अध्यापन व संशोधन सोडून त्यांनी राजवैद्याची चाकरी पत्करली होती.

घराणे व बालपण

त्यांचे मूळ फ्लेमिश नाव आंद्रिस फान वेसेल. ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यातील वेसेल हे या घराण्याचे मूळ गाव आणि त्यावरूनच हे आडनाव पडले. ‘व्हेसेलियस’ हे त्याचे लॅटिन रूप होय. वैद्यकी या घरात पिढीजात होती. पणजोबा लूव्हेन विद्यापीठात शिकवीत. आजोबा एव्हरार्ड सम्राट माक्सिमिलियन यांच्या पदरी वैद्य होते. वडील आंद्रिस हे राजदरबारी औषधे तयार करीत आणि पुढे सम्राट पाचवे चार्ल्स यांच्या खासगी सेवेत होते. घरात वैद्यकाची जुनी हस्तलिखिते होती.

ब्रसेल्समधील त्यांचे घर गावाच्या ज्या बाजूस होते, तिथून फाशीची टेकडी दूर नव्हती. फाशी दिलेल्यांची प्रेते पक्षी टोचून खाईपर्यंत तिथे लोंबत ठेवण्याची त्या काळी रीत होती. बालपणी उंदीर, कुत्री, मांजरे यांचे विच्छेदन करून पाहण्याचा त्यांना नाद होता, असे चरित्रकार सांगतात. माणसाच्या हाडांची ओळखही त्यांना लहान वयातच झाली असावी.

पॅरिस आणि लूव्हेन

लूव्हेन येथे लॅटिन व ग्रीक यांचे शिक्षण घेऊन १५३३ साली ते वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेले. तेथे जाकोबस सिल्व्हियस आणि योहान गुंटर हे त्यांचे प्रमुख गुरू. दोघेही मोठे विद्वान. परंतु त्यांची विद्वत्ता ग्रंथांची होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याचे मूळ ग्रीक ग्रंथ त्या काळी नव्याने उपलब्ध होत होते. त्यांचे शुद्ध पाठ ठरविणे व लॅटिन भाषांतर करणे हेच वैद्यकातील सर्वोच्च कार्य समजले जाई. गुंटर यांच्या हाती सुरी आपण केवळ जेवणाच्या मेजावर पाहिली, अशा आशयाचा बोचरा शेरा व्हेसेलियस यांनी पुढे मारला आहे. गुरूंविषयी असे लिहिणे शिष्याला शोभले नाही, असे त्या वेळीही अनेकांना वाटले.

शवविच्छेदन त्या काळी कसे होई, हे समजल्याखेरीज या शेऱ्यामागील राग कळत नाही. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेनचा ग्रंथ वाचीत. खाली न्हावी-शस्त्रवैद्य प्रेत कापीत असे. त्याला लॅटिन कळत नसे. तिसरा एक जण काठीने अवयव दाखवी. वाचणारा पाहत नसे, पाहणाऱ्याला वाचता येत नसे. पोथीत लिहिलेले आणि मेजावर दिसणारे यांत फरक पडला, तर तो कोणाच्या लक्षातच येऊ नये अशी ही व्यवस्था होती. पॅरिसमध्ये अशाच एका विच्छेदनाच्या वेळी सहाध्यायांच्या व गुरूंच्या आग्रहावरून व्हेसेलियस यांनी सुरी स्वतःच्या हाती घेतली.

हाडांचा अभ्यास मात्र त्यांनी विद्यापीठाबाहेर केला. पॅरिसच्या ‘इनोसंट्स’ या दफनभूमीत जुनी थडगी उकरून काढलेल्या हाडांचे ढीग रचलेले असत. तेथे तासन्‌तास बसून त्यांनी हाडे हाताळली. पुढे पुढे डोळे बांधून केवळ स्पर्शावरून कोणते हाड ते ओळखण्याची पैज ते मित्रांशी लावीत. मोंफोकाँ येथील फाशीच्या जागी हाडे शोधताना त्यांना आणि एका सोबत्याला रानटी कुत्र्यांनी घेरले होते, हा प्रसंगही त्यांनी नमूद करून ठेवला आहे.

१५३६ साली फ्रान्सचा राजा व सम्राट चार्ल्स यांच्यात युद्ध पेटले आणि सम्राटाचे प्रजाजन असलेल्या व्हेसेलियस यांना शिक्षण अर्धवट टाकून लूव्हेनला परतावे लागले. तेथे गावाबाहेर, गणितज्ञ व वैद्य जेम्मा फ्रिसियस यांच्यासह फिरत असताना, त्यांना फाशीच्या खांबावर एका दरोडेखोराचा सांगाडा दिसला. मांस पक्ष्यांनी खाल्ले होते आणि अस्थिबंध मात्र शाबूत असल्याने हाडे एकमेकांना धरून होती. खांबावर चढून त्यांनी हातपाय ओढून काढले. धड साखळीने बांधलेले होते, म्हणून ते रात्री पुन्हा गेले. हाडे थोडी थोडी करून घरी आणली, उकळून स्वच्छ केली, गहाळ झालेली काही हाडे दुसरीकडून मिळवली आणि संपूर्ण सांगाडा जोडून उभा केला. हा सांगाडा आपण पॅरिसहून आणला, असे त्यांनी गावात सांगितले. पुढे नगरप्रमुखाने विच्छेदनासाठी शवे देण्याची तयारी दाखवली, तेव्हा लपवाछपवीची गरज उरली नाही.

पाडुआ

१५३७ साली ते व्हेनिसच्या सत्तेखालील पाडुआ येथील विद्यापीठात आले. ५ डिसेंबर रोजी त्यांना वैद्यकातील डॉक्टरची पदवी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रवैद्यक व शरीररचना शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांना तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

उंच आसनावर बसण्याची पद्धत त्यांनी पहिल्यापासून मोडली. कापणे, दाखवणे आणि सांगणे ही तिन्ही कामे ते एकटेच करीत. शेजारी सांगाडा टांगलेला असे आणि स्नायू दाखवताना तो कोणत्या हाडापासून निघतो, कोणत्या हाडाला जाऊन चिकटतो, हे त्यावर कोळशाने काढून दाखवीत. मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांना दिसावे म्हणून ते मोठी चित्रे रेखाटीत. या चित्रांना एवढी मागणी आली की १५३८ साली त्यांनी सहा मोठ्या तक्त्यांचा संच व्हेनिस येथे छापला. त्यांतील यकृत, शिरा व धमन्या दाखविणारी तीन चित्रे त्यांनी स्वतः काढली आणि सांगाड्याची तीन चित्रे यान स्तेफान फान काल्कार या चित्रकाराने काढली.

हे तक्ते आज पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मानवी यकृत तेथे पाच पाळ्यांचे दाखविले आहे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक जाळेही आहे. या दोन्ही गोष्टी माणसात नाहीत. त्या गेलेनच्या ग्रंथात आहेत. शेकडो हाडे हाताळलेला हा तरुण त्या वर्षापर्यंत गेलेनच्याच डोळ्यांनी पाहत होता. डोळ्यांवरची ती झापड गळून पडण्यास आणखी दोन वर्षे लागली.

१५३९ पासून पाडुआचे न्यायाधीश मार्कान्तोनियो कोन्तारिनी यांनी देहदंड झालेल्या गुन्हेगारांची शवे त्यांना देण्यास सुरुवात केली. काही प्रसंगी फाशीची वेळही विच्छेदनाच्या सोयीने ठरवली गेली. शवे वाढली, तसे फरकही वाढले. जानेवारी १५४० मध्ये बोलोन्या येथे विद्यार्थ्यांच्या निमंत्रणावरून त्यांनी तीन मानवी शवांचे व अनेक कुत्र्यांचे जाहीर विच्छेदन केले. याच सुमारास त्यांनी माणसाचा व माकडाचा सांगाडा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिला. गेलेनने वर्णन केलेला, मणक्यापासून निघणारा एक छोटा प्रवर्ध माकडाच्या सांगाड्यात होता. माणसाच्या सांगाड्यात नव्हता.

यातून निघणारा निष्कर्ष साधा होता, पण तेराशे वर्षांत तो कोणी स्पष्टपणे मांडला नव्हता. रोमन साम्राज्यात मानवी शवविच्छेदन निषिद्ध असल्याने गेलेनने माकडे, डुकरे, बैल यांची शरीरे कापली होती आणि तेथे दिसलेले माणसाला लागू केले होते. गेलेन खोटारडा नव्हता, आळशीही नव्हता. उत्तम निरीक्षण त्याने चुकीच्या प्राण्यावर केले होते. व्हेसेलियस यांनी त्याच्याविषयीचा आदर कधीच सोडला नाही. १५४१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये छापलेल्या गेलेनच्या समग्र लॅटिन आवृत्तीचे काही संपादन त्यांनीच केले आहे.

‘फाब्रिका’ची निर्मिती

ग्रंथाची चित्रे व्हेनिस परिसरात तयार झाली. ती कोणी काढली याविषयी मतभेद आहेत; काल्कार याचे नाव परंपरेने घेतले जाते आणि चित्रकार तिशियन याच्या चित्रशाळेशी संबंधित असावेत, असे सामान्यतः मानतात. लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली ही चित्रे १५४२ मध्ये खेचरांच्या पाठीवर लादून, आल्प्स पर्वत ओलांडून बाझेल येथील मुद्रक योहानेस ओपोरिनस यांच्याकडे पोहोचवण्यात आली. छपाईवर देखरेख करण्यासाठी व्हेसेलियस स्वतः तिथे जाऊन राहिले. जून १५४३ मध्ये सुमारे ६६० मोठ्या पानांचा आणि दोनशेहून अधिक चित्रांचा हा ग्रंथ बाहेर पडला. कोपर्निकस यांचा ग्रहगतींवरील ग्रंथही त्याच वर्षीचा. विद्यार्थ्यांसाठी ‘एपिटोमे’ नावाची संक्षिप्त आवृत्तीही सोबतच निघाली.

ग्रंथाचे सात भाग आहेत : अस्थी व कूर्चा, अस्थिबंध व स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पोटातील व जननाचे अवयव, हृदय व फुप्फुसे, आणि मेंदू व ज्ञानेंद्रिये. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. शवविच्छेदनात पोट आधी उघडावे लागे, कारण आतडी सर्वांत आधी कुजतात. हाडांची पाळी शेवटी येई आणि तोवर वेळ संपलेला असे. व्हेसेलियस यांनी क्रम उलटा केला. तंबूला जसे खांब, घराला जशा भिंती, तशी शरीराला हाडे. म्हणून त्यांचे ज्ञान प्रथम, मग त्यांना हलविणारे स्नायू, मग स्नायूंना आज्ञा पोहोचविणारे मज्जातंतू. शालेय पुस्तकांत आजही हाच क्रम सहसा आढळतो.

अस्थिसंस्था

अस्थींवरील पहिला भाग हा ग्रंथाचा सर्वांत निर्दोष भाग समजला जातो. खालचा जबडा गेलेनच्या मते दोन हाडांचा होता. कुत्र्यात तो तसा दिसतो. प्रौढ माणसात तो एकच सलग हाड आहे, हे व्हेसेलियस यांनी दाखविले. छातीच्या मधोमध असलेली उरोस्थी सात तुकड्यांची नसून तीन भागांची आहे. मांडीचे व दंडाचे हाड गेलेन म्हणतो तितके वाकडे नाही. माकडुहाडापाशी असलेली त्रिकास्थी तीनपेक्षा अधिक मणके सांधून बनलेली आहे, अशा अनेक दुरुस्त्या त्यांनी केल्या.

काही समजुती गेलेनच्याही पलीकडच्या होत्या. हव्वेची निर्मिती आदामाच्या बरगडीपासून झाली, या बायबलमधील कथेवरून पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, असे लोक मानीत. स्त्री व पुरुष दोघांनाही बाराच जोड्या असतात, हे त्यांनी मोजून लिहिले. शरीरात कधीच नष्ट न होणारे एक हाड असून त्यापासून अंतिम दिवशी मनुष्य पुन्हा उभा राहील, अशीही समजूत होती. असे हाड सापडत नाही एवढे सांगून पुढची चर्चा त्यांनी धर्मशास्त्र्यांवर सोपवली आहे. यात सावधपणा होता, तसा थोडा मिश्कीलपणाही असावा.

प्रौढ माणसात २०६ हाडे असतात, हे आज सर्वज्ञात आहे. नवजात बालकात त्यांची संख्या बरीच जास्त असते व वाढत्या वयात काही हाडे सांधली जातात. प्राचीन गणनांमध्ये फरक आढळतो तो अंशतः यामुळेच. सुश्रुतसंहितेत अस्थींची संख्या ३०० दिली आहे. तीत दात व कूर्चाही धरल्या आहेत.

स्नायुसंस्था

दुसऱ्या भागातील ‘स्नायुपुरुषां’ची चित्रे या ग्रंथाची ओळख बनली आहेत. कातडी काढलेला मनुष्य जिवंत असल्यासारखा उभा आहे. पुढील प्रत्येक चित्रात स्नायूंचा एक एक थर उतरत जातो, सुटलेले स्नायू टोकाशी लोंबताना दिसतात आणि शरीर हळूहळू खांबाला टेकते, खचते. मागे पाडुआजवळच्या टेकड्या, गावे, पूल आहेत. चित्रे ओळीने मांडली की हा देखावा एकापुढे एक जुळत जातो. अशा सुंदर प्रदेशात सोललेला मनुष्य उभा करण्याची कल्पना आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, पण त्यात शिकविण्याची युक्ती आहे : प्रेतावर सैल पडलेला स्नायू जिवंत माणसात ताणलेला कसा दिसतो, हे उभ्या चित्रातच कळते.

स्नायूचे मांस म्हणजे नुसते भरताड नसून आकुंचन पावून हालचाल घडविणारे तेच मुख्य साधन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून कोपर वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला त्याच्या विरुद्ध बाजूचा दुसरा लागतो. ही जोडी हाडाला कंडरेने जोडलेली असते. स्नायूला जाणारा मज्जातंतू कापला की तो स्नायू लुळा पडतो. स्नायू आडवा कापला तर त्याची ताकद जाते. उभा, म्हणजे तंतूंच्या दिशेने चिरला तर फारशी जात नाही. या गोष्टी त्यांनी शेवटच्या भागात जिवंत प्राण्यांवर करावयाच्या प्रयोगांत मांडल्या आहेत. गुंगीची औषधे त्या काळी नव्हती; हे प्रयोग क्रूर होते, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

मज्जासंस्था

चौथ्या भागाचा आरंभच एका शब्दाच्या गोंधळाने होतो. ग्रीक भाषेत मज्जातंतू, कंडरा व अस्थिबंध या तिन्ही पांढऱ्या, चिवट, दोरीसारख्या वस्तूंना एकच शब्द वापरला जाई. मराठी वाचकाला हा गोंधळ परका वाटू नये. ‘नस’ हा शब्द बोलीत रक्तवाहिनी, मज्जातंतू व कंडरा या तिहींसाठी चालतो. ‘स्नायू’ हा शब्द आज मराठीत मांसपेशींसाठी रूढ आहे. जुन्या आयुर्वेदात त्याचा अर्थ अस्थिबंध व कंडरा यांच्या जवळचा होता, आणि बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ मज्जातंतू असा होतो. ‘मज्जा’ म्हणजे तर मुळात हाडाच्या पोकळीतील मऊ भाग. व्हेसेलियस यांनी मज्जातंतूचा अर्थ एकच ठरवला : मेंदू किंवा मेरुरज्जूपासून निघून संवेदना व हालचाल वाहून नेणारा तंतू. मज्जातंतू हृदयापासून निघतात हे ॲरिस्टॉटलचे मत त्यांनी सोडून दिले. या बाबतीत गेलेन बरोबर होता आणि तसे त्यांनी मान्य केले.

मेंदूपासून निघणारे एक सूक्ष्म चैतन्यद्रव्य पोकळ मज्जातंतूंतून वाहते, अशी प्राचीन कल्पना होती. नुकत्याच शिरच्छेद झालेल्या माणसाच्या व प्राण्यांच्या दृष्टीच्या मज्जातंतूत ती पोकळी त्यांनी शोधली आणि आपल्याला ती दिसली नाही, असे लिहिले. मेंदूच्या तळाशी असलेले ते ‘अद्भुत जाळे’, ज्यात हे चैतन्यद्रव्य तयार होते असे मानले जाई, तेही माणसात नाही. बैलात व मेंढीत ते असते. आपण स्वतः पूर्वी हे जाळे मेंढीच्या डोक्यावरून विद्यार्थ्यांना दाखवीत होतो, याची कबुली त्यांनी दिली आहे. शास्त्रीय ग्रंथांत स्वतःच्या फसगतीची इतकी उघड कबुली क्वचितच आढळते.

मेंदूतील पोकळ्यांमध्ये कल्पना, विचार व स्मृती यांची निरनिराळी घरे आहेत, असे मध्ययुगात शिकवले जाई. अशाच पोकळ्या प्राण्यांच्या मेंदूतही आहेत. मग त्यांना विचारशक्ती का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. विचार कसा घडतो याचे उत्तर विच्छेदनातून मिळत नाही, असे सांगून ते तिथेच थांबले. मेंदूचे वरून खाली थराथराने घेतलेले छेद दाखविणारी त्यांची चित्रे मात्र इतक्या तपशिलाने पूर्वी कोणी काढलेली नव्हती.

कवटीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या त्यांनी गेलेनप्रमाणे सातच मानल्या. टॉमस विलिस यांनी १६६४ साली नऊ, तर सोमेरिंग यांनी १७७८ साली आजच्या १२ जोड्या निश्चित केल्या. इतरही चुका राहिल्या. डोळ्याचे भिंग त्यांनी नेत्रगोलाच्या मध्यभागी दाखवले, प्राण्यांतच असणारा एक नेत्रस्नायू माणसाला जोडला, आणि मूत्रपिंडाचे चित्र कुत्र्याच्या मूत्रपिंडावरून काढले. गेलेनवर ठेवलेला आरोप थोड्या प्रमाणात त्यांनाही लागू पडतो.

शवांचा प्रश्न

हे ज्ञान ज्यांच्या देहांतून मिळाले, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. पाडुआच्या विद्यार्थ्यांनी एका भिक्षूच्या प्रेयसीचे नुकतेच पुरलेले प्रेत थडग्यातून पळवले आणि नातेवाइकांना ओळखू येऊ नये म्हणून तिची संपूर्ण कातडी सोलून काढली, ही हकिगत ‘फाब्रिका’च्या पहिल्या आवृत्तीत व्हेसेलियस यांनी कोणताही संकोच न बाळगता दिली आहे. मुखपृष्ठावरील चित्रात मेजावर असलेली स्त्रीही देहदंड झालेली. फाशी टळावी म्हणून तिने गरोदर असल्याचे सांगितले होते आणि सुईणींनी ते खोटे ठरवले होते. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत शवे मिळविण्याच्या अशा काही कथा सौम्य केलेल्या किंवा गाळलेल्या आढळतात. वय वाढल्याने संकोच आला, की दरबारातील स्थानामुळे, हे ग्रंथावरून ठरवता येत नाही.

छपाई चालू असतानाच, मे १५४३ मध्ये, बाझेल येथे शिरच्छेद झालेल्या याकोब कारर या गुन्हेगाराचे त्यांनी जाहीर विच्छेदन केले आणि त्याचा सांगाडा जोडून विद्यापीठाला दिला. तो बाझेलच्या शरीररचना संग्रहालयात आजही आहे. जतन केलेल्या अशा सांगाड्यांत तो जगातील सर्वांत जुना समजला जातो.

विरोध आणि राजसेवा

ग्रंथ सम्राट पाचवे चार्ल्स यांना अर्पण केलेला होता. त्याच वर्षी सम्राटाने त्यांना राजवैद्य नेमले. पित्याने व आजोबांनी ज्या घराची सेवा केली, तिथले बोलावणे नाकारणे सोपे नव्हते. मात्र या निर्णयामागे वैतागही होता. ग्रंथावर जुन्या विद्वानांनी झोड उठवली, तेव्हा त्यांनी गेलेनवरील आपली टिपणे व इतर अप्रकाशित लेखन जाळून टाकले. पुढे या कृत्याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

सर्वांत कडवा हल्ला गुरूंकडूनच आला. सिल्व्हियस यांनी १५५१ साली एक पुस्तिका लिहिली आणि त्यात शिष्याच्या लॅटिन नावाची मोडतोड करून त्यांना वेडा ठरवले. मेजावर दिसणारे हाड आणि गेलेनचे वर्णन जुळत नाही, हे त्यांना नाकारता येईना. तेव्हा गेलेनच्या काळानंतर मानवी शरीराचाच ऱ्हास झाला आहे, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. सिल्व्हियस स्वतः उत्तम शिक्षक होते. अनेक स्नायूंना नावे देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यांच्यासारख्या माणसाला हाडापेक्षा पोथी खरी वाटावी, यावरून त्या पोथीचे वजन लक्षात येते.

१५४४ मध्ये व्हेसेलियस यांचा विवाह झाला व पुढील वर्षी त्यांना मुलगी झाली. सम्राटाच्या संधिवातावर उपचार, मोहिमांतील जखमी सैनिकांवरील शस्त्रक्रिया, प्रवास यांत पुढील वर्षे गेली. युद्धाने त्यांना कुशल शस्त्रवैद्य बनवले. नवे संशोधन मात्र जवळजवळ थांबले. १५५५ ची सुधारित आवृत्ती हे या काळातील मोठे काम. हृदयाच्या दोन भागांमधील पडद्याला छिद्रे असून त्यांतून रक्त झिरपते, हे गेलेनचे मत पहिल्या आवृत्तीत त्यांनी साशंकपणे ठेवले होते. दुसऱ्या आवृत्तीत ही शंका अधिक उघडपणे व्यक्त झाली.

जून १५५९ मध्ये फ्रान्सचे राजे दुसरे आँरी घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या भाल्यांच्या द्वंद्वात डोळ्याजवळ जखमी झाले, तेव्हा त्यांना पॅरिसला पाठवण्यात आले. प्रसिद्ध फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे तेथे होतेच. कवटी न फुटताही मेंदूला इजा होऊ शकते, हे या प्रसंगातून दिसले. राजे दहा दिवसांत वारले. त्याच वर्षी व्हेसेलियस राजे दुसरे फिलिप यांच्यासह स्पेनला गेले. १५६२ मध्ये युवराज डॉन कार्लोस जिन्यावरून पडून डोक्याला जबर मार लागला. अनेक वैद्यांत व्हेसेलियसही होते. युवराज बचावले, पण श्रेय शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या डिएगो नावाच्या साधूच्या अवशेषांना मिळाले. ते युवराजाच्या बिछान्याजवळ आणून ठेवले होते. पुढे १५८८ मध्ये या साधूला संतपद देण्यात आले.

स्पेनमध्ये अभ्यासासाठी साधी कवटीही मिळणे कठीण झाल्याची खंत त्यांनी व्यक्त केली आहे. पाडुआ येथे त्यांच्या अध्यासनावर पुढे आलेले गाब्रिएल फालोप्पिओ यांनी १५६१ साली ‘फाब्रिका’तील काही चुका आदरपूर्वक दाखविणारे पुस्तक लिहिले. ते वाचून व्हेसेलियस यांनी दीर्घ उत्तर लिहून काढले. त्यात पाडुआच्या दिवसांची ओढ जागोजाग दिसते. ते उत्तर फालोप्पिओ यांच्या हाती पडलेच नाही. १५६२ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

अखेरची यात्रा

१५६४ साली व्हेसेलियस यांनी स्पेन सोडले आणि व्हेनिसमार्गे ते जेरुसलेमच्या यात्रेस गेले. या यात्रेविषयी एक कथा फार प्रसृत आहे : त्यांनी एका सरदाराचे विच्छेदन सुरू केले, तेव्हा त्याचे हृदय धडधडत असलेले दिसले, धर्मन्यायालयाने देहदंड सुनावला आणि राजाच्या मध्यस्थीमुळे त्याऐवजी यात्रेचे प्रायश्चित्त मिळाले. या कथेला समकालीन सरकारी कागदपत्रांचा काहीही आधार नाही आणि आजचे इतिहासकार ती खरी मानीत नाहीत. दरबारातून सुटका करून घेण्यासाठी त्यांनी यात्रेचे निमित्त केले असावे आणि पाडुआला परतण्याचा त्यांचा विचार असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

परतीच्या समुद्रप्रवासात वादळामुळे जहाजाची वाताहत झाली, असे सांगितले जाते. ऑक्टोबर १५६४ मध्ये झाकिन्थॉस बेटावर त्यांचे निधन झाले. वय ४९ होते. त्यांना त्याच बेटावर पुरण्यात आले. थडग्याची जागा आज निश्चित सांगता येत नाही.

ग्रंथाचा पुढील इतिहास

पाडुआ येथे रेआल्डो कोलोंबो, फालोप्पिओ आणि फाब्रिसियस यांनी विच्छेदनाची परंपरा पुढे चालवली. फाब्रिसियस यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले आणि हृदयाच्या पडद्यातील छिद्रांचा वाद मिटला.

‘फाब्रिका’तील चित्रांच्या चोरून केलेल्या नकला युरोपभर दोन शतके छापल्या जात होत्या. मूळ लाकडी ठोकळ्यांपैकी बरेचसे पुढे म्यूनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिले आणि १९३४ साली त्यांवरून चित्रांची पुन्हा एक सुंदर आवृत्ती छापण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत हे ठोकळे जळून गेले.